फाईल कुणाच्या हातात

कॅन्सरच्या ओपीडीत माणसं शिरली की फाईल कुणाच्या हातात आहे, हे आम्ही आधी बघतो. १७ वर्षांचा मुलगा खुर्चीत मागे रेलून मोबाइलवर अंगठा फिरवतोय आणि फाईल वडिलांच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. डॉक्टर विचारतात, "झोप लागते का रे?" उत्तर आई देते. "तोंड आलंय का?" पुन्हा आईच. मुलगा मान वर करत नाही. तो हट्टी झालाय, खचलाय, असं घरचे बाहेर आल्यावर सांगतात. बऱ्याचदा तसं काही नसतं. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

कॅन्सर झालेल्या किशोरवयीन आणि विशीतल्या मुलामुलींसोबत काम करताना आमची बरीचशी धडपड ती फाईल टप्प्याटप्प्याने त्यांच्या हातात जावी यासाठीच असते. पहिल्याच दिवशी दिली तर पोरगं गांगरून जातं. कधीच दिली नाही तर उपचार संपून चार वर्षं झाल्यावर त्याला स्वतःला कोणती औषधं मिळाली होती हे सांगता येत नाही. गोष्टी ज्या क्रमाने अंगावर येतात त्याच क्रमाने सांगतो.

सुरुवात बहुतेकदा उशिराने होते. गुडघा दुखतो तर खेळताना लागलं असेल, थकवा येतो तर अभ्यासाचं जागरण असेल, मानेत गाठ आली तर सर्दी झाली असेल. या वयात कॅन्सर विरळ असल्यामुळे डॉक्टरांच्याही मनात तो चटकन येत नाही. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा गुडघा दुखत होता, पण बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने ते अंगावर काढलं. १९७७ साली १८ व्या वर्षी हाडाचा कॅन्सर निघाला आणि पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. "आधी का नाही बोललास?" हा प्रश्न निदानानंतर घरात हमखास निघतो. तो विचारू नका. त्याने काही बदलत नाही, आणि पुढच्या वेळी दुखलं तर पोरगं आणखी उशिरा सांगतं.

पुढचा प्रश्न, उपचार कुठे? मुलांच्या विभागात भिंतीवर कार्टून, मोठ्यांच्या विभागात शेजारी आजोबांच्या वयाचा रुग्ण. दोन्हीकडे पोरगं परकंच. पण हा केवळ वातावरणाचा प्रश्न नाही. अमेरिकेत १६ ते २० वयाच्या, तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (रक्ताचा एक कॅन्सर) झालेल्या रुग्णांची एक तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. मुलांच्या पद्धतीचे उपचार घेतलेल्यांपैकी ७ वर्षांनंतर ६३ टक्के जण जिवंत होते आणि त्यांचा आजार उलटला नव्हता, मोठ्यांच्या पद्धतीचे उपचार घेतलेल्यांपैकी ३४ टक्के. आजार तोच, वय तेच. म्हणून हा ल्युकेमिया असेल तर पहिल्याच आठवड्यात "मुलांचा प्रोटोकॉल देणार की मोठ्यांचा, आणि का?" हे विचारायचं. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

आता ती गोष्ट, जी पहिली केमो चढण्याआधीच व्हायला हवी आणि भिडेखातर सगळ्यात जास्त वेळा राहून जाते: पुढे मूल होण्याची सोय. सायक्लोफॉस्फामाइड, आयफॉस्फामाइड, प्रोकार्बाझिन यांसारखी औषधं आणि ओटीपोटावरचं रेडिएशन वीर्य आणि बीजांडं दोन्हींना मारक ठरतात. वयात आलेल्या मुलासाठी वीर्य गोठवणं हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. एरवी आधीच्या वीर्यस्खलनापासून २ ते ५ दिवसांचं अंतर ठेवायला सांगतात, पण केमो उद्यावर आली असेल तर थांबायचं नाही, आहे तो नमुना द्यायचा. केमोआधी वेळ मिळाला तर एक-दोन दिवसांनी दुसरा. इक्सी या प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवण्याच्या पद्धतीत एका बीजांडाला एकच शुक्राणू लागतो, त्यामुळे कमी संख्येचा नमुनाही उपयोगी पडतो. हॉजकिन (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आणि अंडकोषाच्या कॅन्सरमध्ये संख्या आधीच कमी असू शकते. ते ऐकून मुलगा हिरमुसतो, म्हणून ते आधीच सांगून ठेवावं.

बिघडतं ते कुठे, तर तपशिलांत. मुलगा आईसोबत येतो, ती दाराबाहेर बाकावर बसते, आणि आत त्याचं काहीच होत नाही. सोबत द्यायचीच तर मोठा भाऊ, मामा किंवा आमच्यातला एखादा पुरुष कार्यकर्ता द्यावा आणि त्याने दारापाशी न थांबता खाली जाऊन बसावं. थुंकी किंवा साधं वंगण वापरायचं नाही, त्याने शुक्राणू मरतात. नमुना दुसरीकडे घेतला असेल तर डबी अंगाच्या उबेला धरून तासाभरात प्रयोगशाळेत पोचवायची. अंगात ताप आहे, वेदनेची औषधं चालू आहेत, आणि पोरगं हे आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी सांगण्यावरून करतंय, हे लक्षात ठेवून वेळ द्या. नाहीच जमलं तर भूल देऊन नमुना घेता येतो, किंवा अंडकोषातून ऊतक काढून त्यातले शुक्राणू मिळवता येतात. सही करताना एक रकाना असतो: रुग्ण दगावला तर नमुन्याचं काय करायचं? तो रकाना त्याला स्वतःला वाचू द्या. आणि साठवणुकीच्या नूतनीकरणाचं पत्र जुन्या पत्त्यावर जाऊन नमुना निकाली निघू शकतो. पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला की बँकेआधी तिथे कळवायचं.

मुलींचं गणित वेळेचं. बीजांडं गोठवायला १० ते १४ दिवस इंजेक्शनं लागतात. पाळीची वाट बघावी लागत नाही, कोणत्याही दिवशी सुरू करता येतं. सोनोग्राफी योनीमार्गातूनच करावी लागते असं नाही, पोटावरूनही होते, हे मुलीला आणि तिच्या आईला पहिल्या वाक्यात सांगावं. त्या भीतीपायी तिथेच नकार आलेला आम्ही पाहिलाय. दोन आठवडे थांबता येणार नसेल तर दुर्बिणीतून अंडाशयाचं ऊतक काढून गोठवतात. ल्युकेमियात मात्र त्या ऊतकात आजाराच्या पेशी असण्याचा धोका असतो. अंडाशय झोपवून ठेवणारं महिन्याचं इंजेक्शनही मिळतं, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये. याच बैठकीत आणखी एक गोष्ट उरकून घ्या: प्लेटलेट खाली गेल्यावर पाळीत रक्त थांबत नाही, तेव्हा पाळी लांबवणाऱ्या गोळ्यांचं आधीच विचारून ठेवायचं.

आणि हो, केमो म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. उपचार चालू असताना दिवस जाऊ शकतात. औषधाचे अंश शरीरातल्या स्रावांतून काही दिवस बाहेर पडतात, त्यामुळे निरोध लागतोच. हे आईवडिलांसमोर कुणी विचारणार नाही आणि कुणी सांगणारही नाही. म्हणून प्रत्येक भेटीत १० मिनिटं मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने बोलायचं, हा आमचा नियम. तो पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर जाहीर करायचा: "आम्ही सगळ्यांशीच असं बोलतो. जिवाला धोका असेल ती गोष्ट सोडून बाकी या खोलीतलं बाहेर जात नाही." तिसऱ्या महिन्यात अचानक आईला बाहेर बसायला सांगितलं तर तिच्या पोटात गोळा येतो आणि पोरगीही सावध होते. त्या १० मिनिटांत घर, शाळा-कॉलेज, मित्र, तंबाखू-दारू, लैंगिक संबंध, मनात मरणाचे विचार येतात का, हे सगळं त्याच क्रमाने, सोप्याकडून अवघडाकडे विचारत जायचं. मरणाचे विचार विचारल्याने डोक्यात शिरत नाहीत. असतील तर बाहेर येतात.

फाईलमधलं पहिलं पान जे मुलाकडे द्यायचं ते तापाचं. हे पान पाठच हवं. बाकी चुका सावरता येतात, ही येत नाही.

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्याच न्यूट्रोफिल नावाच्या पेशी ५०० च्या खाली गेल्या की शरीराकडे जंतूंशी लढायला जवळपास काही उरत नाही. अशा वेळी ३८.३ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइट, एकदा दिसला किंवा ३८, म्हणजे १००.४, तासभर टिकला, की तो ताप घरी बसून बघायचा नाही. काही केंद्रं एकदाच ३८ दिसला तरी बोलावतात, तिथे त्यांचाच आकडा धरायचा. रुग्णालयात पोचल्यापासून ६० मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, हे लक्ष्य असतं.

रात्री दोन वाजता काय होतं, तेवढं जवळून बघू. मुलीला थंडी वाजते. तिला कळतं की आईला उठवलं तर आई रडेल, मग गाडी, मग अनोळखी डॉक्टर, मग पुन्हा सुया. कपाटात पॅरासिटामॉल असतं. ती एक गोळी घेते. पाऊण तासात ताप उतरतो, आकडा ३७.४ दिसतो, सगळे झोपतात. जंतू झोपत नाहीत. सकाळी रक्तदाब खाली गेलेला असतो. म्हणून आमचं सांगणं: मोजल्याशिवाय आणि फोन केल्याशिवाय पॅरासिटामॉल नाही, आणि त्या कपाटातून ते काढूनच टाका. स्टिरॉइड चालू असताना गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही, तेव्हा हुडहुडी, चक्कर, एकाएकी गळून जाणं हेही तापाइतकंच धरायचं. लाइन, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवलेली नळी, फ्लश केल्यावर (धुतल्यावर) तासाभरात हुडहुडी भरली तर जंतू त्या लाइनमध्येच बसलेत असं समजून फोन करायचा. थर्मामीटर काखेत किंवा तोंडात, गुदद्वारात कधीच नाही.

दाराजवळ एक पिशवी भरून ठेवायची: थर्मामीटर, औषधांची यादी, वॉर्डचा नंबर, चार्जर, एक जोडी कपडे आणि बधिर करणारं मलम. पोर्ट, म्हणजे औषधासाठी कातडीखाली बसवलेली डबी, असेल तर घरातून निघतानाच त्यावर मलम लावून वरून पट्टी चिकटवायची. त्याला ४५ ते ६० मिनिटं लागतात, ती प्रवासात जातात. ही युक्ती साधी वाटते, पण सुईच्या भीतीने ताप लपवणारी पोरं याच एका गोष्टीमुळे फोन करायला लागतात. सोबत एक कार्ड: "केमोवर आहे, न्यूट्रोफिल कमी असण्याची शक्यता, तातडीने कल्चर (रक्तातल्या जंतूंची तपासणी) आणि अँटिबायोटिक." कारण रात्रपाळीच्या अनोळखी डॉक्टरला समोर हसतबोलत चालत आलेला तरुण दिसतो. "चांगला दिसतोय की, बसा जरा," असं म्हटलं जातं. ते कार्ड मुलाने स्वतः काढून द्यायचं. घरी याची एकदा रंगीत तालीम करा.

पोर्ट वापरात नसेल तेव्हा साधारण ४ आठवड्यांनी फ्लश, दंडातल्या पिक लाइनला दर आठवड्याला फ्लश आणि ड्रेसिंग. तोंडासाठी मऊ ब्रश आणि एक पेला कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाचदा चुळा. दारूचा अंश असलेलं माउथवॉश नको. केस दोन ते तीन आठवड्यांत गळतात. आधीच बारीक कापून घ्यायचे की गळू द्यायचे, हे तिचं तिने ठरवायचं. घरच्यांनी मशीन घेऊन मागे लागू नये. डॉक्सोरुबिसिननंतर लघवी लाल होते, ते रक्त नसतं. आधी सांगितलेलं नसेल तर बाथरूममधून किंचाळी येते. व्हिन्क्रिस्टिनने जबडा दुखतो, बद्धकोष्ठता होते, पाऊल लोंबतं. पोरं पहिल्या दोन्हींबद्दल बोलतात. पाऊल घासत चालणं मात्र लपवतात, जिन्यावर पडेपर्यंत.

स्टिरॉइडबद्दल थोडं सविस्तर. ल्युकेमियाच्या नंतरच्या टप्प्यात पाच-पाच दिवसांचे डोस येतात. त्या दिवसांत भूक सुटते, झोप उडते, क्षुल्लक कारणावरून आदळआपट होते आणि नंतर पोरगं स्वतःच रडतं. कॅलेंडरवर ते पाच दिवस आणि पुढचे दोन रंगवून ठेवायचे. त्या आठवड्यात गुणांबद्दल बोलणं नाही, पाहुणे नाहीत, मोठे निर्णय नाहीत. गोळी सकाळी, पोटात काहीतरी घालून. दिवसातून दोनदा असेल तर दुसरी किती लवकर घेता येईल ते विचारून घ्यावं, म्हणजे झोपेचं खोबरं थोडं कमी होतं. आणि खुबा किंवा गुडघा दुखला तर "वजन वाढलंय म्हणून" असं म्हणून सोडायचं नाही. स्टिरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरू शकतं, आणि हा त्रास लहान मुलांपेक्षा किशोरवयात जास्त होतो. एमआरआय मागा.

सगळ्यात कसोटीचा काळ मात्र हा, जेव्हा बाहेरून सगळं ठीक दिसतं. केस परत येतात, कॉलेज सुरू होतं, उपचार म्हणजे रोज संध्याकाळी मर्कॅप्टोप्युरिन आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. या ल्युकेमियाचा पूर्ण उपचार दोन ते अडीच वर्षांचा असतो आणि त्यातला मोठा भाग हा. झाकणात चिप बसवलेल्या बाटल्या देऊन केलेल्या अभ्यासांत दिसलं की ठरलेल्या गोळ्यांपैकी ९५ टक्क्यांहून कमी घेतल्या गेल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. ९५ टक्के ऐकायला सैल वाटतं. हिशेब करा: ३० दिवसांत दोन गोळ्या राहिल्या की ९३ झाले.

गोळ्या बंडखोरीपायी राहतात असं मोठ्यांना वाटतं. आमच्या पाहण्यात त्या बहुतेकदा ठिकाण बदललं म्हणून राहतात: मित्राकडे मुक्काम, सहल, परीक्षेची रात्र. म्हणून एक पाकीट दप्तरात, एक घरी. आठवड्याचा डबा रविवारी मुलाने स्वतः भरायचा, मोठ्यांनी फक्त बघायचं. मेथोट्रेक्सेटचा वार डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायचा, कारण आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली गेली तर ती जीव घेऊ शकते. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरायची नाही.

आणि लपवण्याचा एक वेगळाच सापळा आहे. गोळ्या राहिल्या की काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) वर जातात. डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय, ते वाढवतात. मग परीक्षा संपते, पोरगं मनावर घेऊन सगळ्या गोळ्या नियमित घेतं, आणि वाढवलेल्या डोसने काउंट एकदम कोसळतात. पुन्हा ताप, पुन्हा वॉर्ड. ज्या महिन्यात तो प्रामाणिक वागला त्याच महिन्यात त्याला शिक्षा. हे आम्ही कागदावर आलेख काढून दाखवतो, तेव्हा पोरं खरं बोलतात. प्रश्नही तसाच विचारायचा. "नियमित घेतोस ना?" याला "हो" हे एकच उत्तर असतं. "मागच्या आठवड्यात किती राहिल्या?" असं विचारलं की आकडा येतो. आकडा आला की ओरडायचं नाही, नाहीतर तो शेवटचा खरा आकडा.

शाळा-कॉलेजासाठी एक पानी पत्र पुरतं, पण त्यात आजाराच्या नावापेक्षा गरजा लिहा. केमोचं २१ दिवसांचं चक्र असेल तर पहिला आठवडा औषधाचा आणि मळमळीचा, दुसरा कमी काउंटचा, तिसरा बरा. हजेरी, प्रात्यक्षिकं, तोंडी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात बसवायच्या. सिस्प्लॅटिन हे औषध मिळालं असेल तर उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होऊ शकतात, पुढचा बाक हवा. उपचारांमुळे डोकं मठ्ठ होत नाही, पण माहिती पचवायला वेळ लागतो, म्हणून परीक्षेत सवलत मागायची ती जादा वेळेची. पत्रात एक ओळ ठळक: वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी कळवा. कांजिण्यांच्या संपर्कानंतर संरक्षक इंजेक्शन जितक्या लवकर, शक्यतो ९६ तासांत, तितकं बरं. तीन दिवसांनी कुणीतरी सहज सांगितलं तर धावपळ होते.

मित्रांना काय सांगायचं, याचं एक वाक्य मुलासोबत बसून तयार करतो. "कॅन्सर आहे, उपचार चालू आहेत, एकाचा दुसऱ्याला होत नाही तो, आणि मला नेहमीसारखेच मेसेज पाठवा." एवढंच. मित्र दूर जातात ते बहुधा काय बोलावं ते न सुचल्यामुळे. त्यांना काम द्या: एकाने नोट्स, एकाने गुरुवारी ऑनलाइन गेम.

आपल्यासारखंच दुसरं कुणी भेटणं, याला तोड नाही. पण गट चालवणं येरागबाळ्याचं काम नव्हे. ६ ते १० जण, दीड तास, दोन चालक. एक बोलणं सांभाळतो, दुसरा उठून बाहेर गेलेल्याच्या मागे जातो. दुसरा चालक नसेल तर बैठक रद्द करा. १४ आणि २३ वर्षांचे एकत्र बसवू नका. पालक दुसऱ्या खोलीत, आणि तिथेही कुणीतरी हवं, नाहीतर ते दाराशी येऊन थांबतात. पहिल्या बैठकीत "आपापली गोष्ट सांगा" असं म्हणायचं नाही. हाताला काहीतरी काम द्यायचं. बोलणं त्याच्या आडून येतं. एकाचा स्कॅन स्वच्छ आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याचा आजार उलटलेला, असं होतंच. हे आम्हाला आधी कळलं तर दोघांशी आधी बोलतो.

गटातलं कुणी गेलं तर ती बातमी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पहिली पडू द्यायची नाही. प्रत्येकाला फोन, त्याच दिवशी, झोपायच्या वेळेआधी. फोनवर पोरं पहिला प्रश्न हमखास विचारतात: "त्याला माझाच आजार होता का?" उत्तर खरं द्यायचं. वेगळा असेल तर वेगळा, तोच असेल तर तोच, आणि मग त्याच्या स्वतःच्या फाईलमध्ये आज काय लिहिलंय ते.

उपचार लागू पडत नाहीत तेव्हा घरात कुजबुज सुरू होते आणि फाईल पुन्हा वडिलांच्या हातात जाते. पोरांना कळलेलं असतं. वॉर्डातल्या सिस्टर येण्याची वेळ बदलली तरी त्यांना कळतं. १६ वर्षांच्या मुलाला काय हवंय, हे त्याला विचारता येतं: पुढची केमो घ्यायची की घरी जायचं, वेदना कमी करताना किती गुंगी चालेल, कुणाला भेटायचंय आणि कुणाला नको, फोनचा पासवर्ड कुणाला द्यायचा, फोटो कोण बघणार. शेवटचे दोन प्रश्न मोठ्यांना किरकोळ वाटतात. पोरं त्यांचीच उत्तरं आधी देतात. वेदनाशमन आणि उपशामक उपचार करणाऱ्यांची ओळख हा प्रसंग येण्याच्या खूप आधी, मळमळ-दुखण्याच्या निमित्ताने करून द्यावी. शेवटच्या आठवड्यात ते पहिल्यांदा खोलीत आले की सगळ्यांना एकच अर्थ लागतो.

ज्यांचे उपचार पूर्ण होतात त्यांच्या घरी शेवटच्या डोसनंतर पेढे वाटले जातात आणि पोरगं खोलीचं दार लावून बसतं. यात नवल नाही. रोज कुणीतरी रक्त तपासत होतं, आता कुणी तपासत नाही. मित्र एक-दोन वर्षं पुढे गेलेत. याची बोलणी शेवटच्या डोसच्या दोन-तीन महिने आधी सुरू करावी, आणि पुढच्या तपासण्यांच्या तारखा लेखी हातात द्याव्या. स्कॅन आणि निकाल यांत चार दिवसांचं अंतर असेल तर ते कमी करता येईल का, हे विचारावं; ते चार दिवस घरात कुणी झोपत नाही.

आता फाईल पूर्णपणे त्याची. पण ती जाडजूड फाईल कुणी वाचत नाही, म्हणून दोन पानी सारांश मागून घ्यायचा. त्यात निदान आणि तारीख, प्रोटोकॉल, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशनचं माप), शस्त्रक्रिया, रक्त चढवल्याची नोंद, आणि पुढे काय काय तपासायचं. "केमो दिली" एवढंच लिहिलेला सारांश परत पाठवा. डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा माहीत नसेल तर हृदयाचा इको किती वर्षांनी करायचा हे ठरवता येत नाही, आणि हा इको काहींच्या बाबतीत आयुष्यभर चालतो. गर्भारपणात हृदयावर ताण येतो, तेव्हा तर तो लागतोच. छातीवर रेडिएशन झालेल्या मुलीने स्तनांची तपासणी वयाच्या २५ व्या वर्षी किंवा रेडिएशननंतर ८ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून सुरू करायची. मानेवर झालं असेल तर दरवर्षी थायरॉइड. लसी कोणत्या पुन्हा घ्यायच्या आणि कधी, हेही त्याच पानावर.

आणि ब्लिओमायसिन मिळालं असेल तर त्या नावाखाली लाल रेघ. हे औषध फुप्फुसांत खुणा सोडतं, आणि पुढे कधी जास्त प्रमाणात ऑक्सिजन दिला गेला तर त्रास उद्भवू शकतो. दहा वर्षांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनला भूल देणाऱ्या डॉक्टरला हे सांगायला तेव्हा आईवडील शेजारी असतीलच असं नाही. पानाचा फोटो मोबाइलमध्ये, एक प्रत ईमेलवर, एक घरी कपाटात. आम्ही शेवटच्या भेटीत मुलाला ते पान उलटं ठेवून न बघता सांगायला लावतो: आजार काय होता, औषधं कोणती, काय तपासायचं. आई मध्येच बोलली तर पुन्हा पहिल्यापासून.